न वाचलेली कादंबरी आणि ‘जैत रे जैत’

माध्यमांतराविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा एक गोष्ट गृहीत धरून चालते : चर्चकाने कादंबरी आधी वाचलेली आहे. मग काय गाळले, काय बदलले, मूळ आशयाला कितपत न्याय मिळाला, असा हिशेब मांडला जातो. कादंबरी न वाचता चित्रपटाला सामोरा जाणारा प्रेक्षक संख्येने कितीतरी मोठा. पण या हिशेबात त्याची नोंद नसते, असलीच तर अपुऱ्या माहितीचा प्रेक्षक म्हणून. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ मध्येच ‘नॉव्हेल्स इन्टू फिल्म’ या ग्रंथात कादंबरीला चित्रपटकर्त्याचा कच्चा माल मानले होते. आपल्या समीक्षेची सवय मात्र त्याने फारशी मोडलेली दिसत नाही.

या दुर्लक्षित प्रेक्षकाच्या बाजूने ‘जैत रे जैत’ (१९७७) तपासून पाहण्यासारखा आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेल्या या चित्रपटातील लिंगोबाचा डोंगर म्हणजे पनवेलजवळच्या कर्नाळ्याचा सुळका. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना तो अंगठ्यासारखा उभा दिसतो, त्याच्या कपारींतून मधमाश्यांची पोळी लटकतात. ज्या पनवेलकराने गोनीदांचे एक पानही उलटलेले नाही, तोही या चित्रपटाकडे कोऱ्या मनाने येत नाही. त्याच्याजवळ डोंगराची ओळख आहे, आणि पुण्यात बसून कादंबरी वाचणाऱ्याजवळ ती बहुधा नाही. तेव्हा ‘मूळ’ न वाचलेला प्रेक्षक असे आपण म्हणतो, त्या वेळी कोणते मूळ, हे विचारावे लागते.

चित्रपटाचे सूत्र साधे आहे. पुण्यवंत होण्याची आस धरणाऱ्या नाग्याचा डोळा राणीमाशीच्या डंखाने जातो. आपल्या हातून पाप घडले नसता ही शिक्षा का, या प्रश्नातून त्याचे डोंगराशी वैर सुरू होते. चिंधी त्या वैरात त्याच्याबरोबर उभी राहते आणि त्याच्या विजयाची किंमत तिच्या प्राणांनी चुकती होते. हा प्रश्न मुळात विचाराचा आहे. कादंबरीतील निवेदक तो शब्दांनी पेलू शकतो; पडद्यावर मोहन आगाशे यांचा एक डोळा गमावलेला चेहरा आणि उंच कडा एवढेच असते. निवेदकाची जागा रिकामी पडते आणि ती भरून काढतात गाणी. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत येथे अलंकार म्हणून येत नाहीत. गाणाऱ्यांचा समूह कथा पुढे नेतो, तिच्यावर भाष्य करतो.

कादंबरी न वाचलेल्याला हा समूहस्वर ठाकरांचाच वाटतो. तसा वाटावा हेच तर चित्रपटाचे यश! पण त्या यशात एक अडचण दडलेली आहे. महानोर अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याचे कवी. त्यांच्या प्रतिमा त्या रानातून, त्या शेतीतून आलेल्या. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांच्या तोंडी मराठवाड्याच्या कवीची भाषा बसते आणि आपल्याला ती बेमालूम वाटते. कादंबरीचा वाचक येथे किंचित अडखळतो, कारण त्याने ठाकरांविषयी बोलणारा दुसरा एक आवाज ऐकलेला असतो. तो आवाजही ठाकराचा नव्हे, गडकोट पायांखाली घातलेल्या एका ब्राह्मण लेखकाचा आहे. पण दोन आवाज ऐकल्यावर दोन्ही कोणाचे आहेत हे विचारण्याची बुद्धी होते. एकच ऐकणाऱ्याला तो आवाज म्हणजे जणू त्या डोंगराचाच वाटत राहतो. न वाचण्याची खरी हानी ही आहे. गाळलेल्या प्रसंगांची नव्हे.

‘सिंहासन’बद्दल (१९७९) हेच वेगळ्या रीतीने म्हणता येईल. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांच्या पटकथेत एक झाल्या. न वाचलेल्याला शिवण दिसत नाही, आणि न दिसल्याने त्याचे विशेष काही बिघडतही नाही.

‘जैत रे जैत’चे तसे नाही. चित्रपट पाहून मग कादंबरी हाती घेणाऱ्याची चिंधी स्मिता पाटील यांच्याच चेहऱ्याने बोलते, हे नेहमीचे झाले. त्याहून अवघड असे की गाणी कानांत असल्यामुळे गोनीदांचे गद्य त्याला उणे भासू लागते, आणि हा उणेपणा तो लेखकाच्या खात्यावर टाकतो. राहिला तो ठाकर प्रेक्षक. कादंबरी त्यानेही वाचलेली नसेल. पण गाण्यातला कोणता शब्द आपल्या वाडीत कधी कोणी उच्चारला नाही, हे तो पहिल्याच ओळीला सांगू शकेल. आपल्या समीक्षेने त्याला अजून विचारलेले नाही.