विलायती कोशातील ‘सुरत’

इंग्रजीतील दुर्मिळ व विचित्र शब्द गोळा करण्याचा छंद आपल्या सुशिक्षितांत जुना आहे. त्याची आम्ही थट्टा करणार नाही. शब्दांची हौस ही निरुपद्रवी हौस आहे. परंतु या छंदात शब्दांची पारख कशी होते हे पाहिले म्हणजे मन खट्टू होते. शब्द जितका लांब, उच्चारास जितका अवघड, तितका तो मोलाचा! या मंडळींचा लाडका शब्द म्हणजे रोमन लिपीत २९ अक्षरे व्यापणारा ‘फ्लॉक्सिनॉसिनाइहिलिपिलिफिकेशन’. एखाद्या वस्तूस कवडीमोल लेखणे, एवढाच त्याचा अर्थ. लॅटिनमधील ‘क्षुल्लक’ या अर्थाचे चार शब्द एकापुढे एक जोडून तो थट्टेने बनविला आहे. त्यांतील पहिल्याचा मूळ अर्थ लोकरीचा पुंजका. आपल्या घरांतील आज्या हेच काम ‘कस्पटासमान लेखणे’ एवढ्यात उरकीत आल्या. असा शब्द पाठ म्हणून दाखविण्यात गंमत आहे खरी. पण त्या शब्दाने जगात काही पाहिलेले नाही.

उलट हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांचा १८८६ साली निघालेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश उघडावा. हिंदुस्थानात इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा हा संग्रह. त्याचे नावच मुळी मोहरमातील ‘या हसन, या हुसेन’ या घोषाचा गोऱ्या शिपायांनी केलेला अपभ्रंश. त्यात पटकीस ‘मोर-द-शियँ’ असे एक नाव दिले आहे. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचे मरण. कोशकार या अर्थाला भुलले नाहीत. उलटतपासणीत साक्षीदारास मागे मागे न्यावे तसे ते फ्रेंचमागील पोर्तुगीज रूपापर्यंत गेले, आणि त्याहीमागे त्यांस सापडली आपली कोकणी-मराठी ‘मोडशी’! हिंग-ओव्याने हटणारी घरगुती मोडशी फिरंग्यांच्या गलबतावर चढली आणि कुत्र्याचे मरण होऊन उतरली. छंद करावा तो असा.

सुरतेत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस मात्र याहून जवळचा एक शब्द आहे. सुरत म्हटले की आपल्याला १६६४ व १६७० या सालांची लूट आठवते. लँकेशायरच्या विणकरास काय आठवे? १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे अडविली गेली आणि तेथला लांब धाग्याचा कापूस बंद झाला. त्याच्या जागी हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस आला. मुंबईच्या धक्क्यावरून जाणाऱ्या त्या कापसाला तेथे सरसकट ‘सुरत’ म्हणत, मग तो खानदेशचा असो की वऱ्हाडचा. सूत पदोपदी तुटे. मजुरी कामाच्या मापावर, तेव्हा विणकराची भाकरीही तुटे. देवा, कापूस दे, पण सुरती नको, अशी प्रार्थना तेव्हा होत असे, अशी आख्यायिका आहे. हळूहळू कोणत्याही भेसळीच्या, हलक्या मालास ‘सुरत’ हे विशेषण लागले.

८ मे १८६३ च्या ‘टाइम्स’मध्ये एका अब्रुनुकसानीच्या दाव्याची हकीकत आली. जाहिरातीत आपणांस ‘सुरत’ म्हटले म्हणून बिअर गाळणाऱ्यांनी तो लावला होता! आमच्या व्यवसायात शब्दाच्या अशा गर्भितार्थाला ‘इन्युएंडो’ म्हणतात आणि तो वादीला उलगडून सांगावा लागतो. गाळणाऱ्यांस आपल्या नावासाठी न्यायालय मिळाले. ज्या नगराच्या नावाचीच शिवी झाली, ते त्या दाव्यात पक्षकार नव्हते.

तरी एकतर्फी निकाल आम्ही देणार नाही. कापसात कचरा व माती मिसळणारे हात येथलेच होते. भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारला खास कायदा करावा लागला. तो १८६३ चा ९ वा कायदा, म्हणजे वर्षही तेच. वही बाळगणाऱ्यांनी ‘सुरत’ हा शब्द टिपताना त्याच्यासमोर दावा आणि कायदा हे दोन्ही लिहावेत.