सात आणि आठमधली जागा

आर्डुइनो उनो या सर्किट बोर्डाच्या एका कडेला शून्य ते तेरा अशा चौदा डिजिटल पिना आहेत. प्रत्येक पिन शेजारणीपासून ०.१ इंचावर. सात आणि आठ यांच्यात मात्र ०.१६ इंच. गेल्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, ही फट माझ्या नजरेतून सुटली. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेल्या झिरो पीसीबीवर मी रात्र जागून एक सेन्सरबोर्ड सोल्डर केला, आणि सकाळी तो उनोवर बसेचना. झिरो पीसीबीची भोकं सगळीकडे ०.१ इंचावर, एक ओळ बसवली की दुसरी जवळजवळ अर्ध्या भोकाने चुकायची.

मग मी उनोचा आराखडा नीट वाचायला घेतला. तो कुणालाही मोफत मिळतो. त्यावरून बोर्ड बनवा, बदला, विका, फक्त तुमचा बदललेला आराखडाही तितकाच खुला ठेवा.

तोवर मी सर्किट डायग्राम फक्त उतरवून घेत असे. हा मी हाताने वाचला: उनोवरचीच २८ पायांची एटीमेगा ३२८पी चिप ब्रेडबोर्डवर खोचून, एकेक भाग लावत. एक १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर मला निरर्थक वाटला, म्हणून त्याच्या जागी सरळ तार टाकली. चिप मेल्यासारखी पडून राहिली. यूएसबीची बाजू एक रेषा खाली ओढते आणि खालीच धरून ठेवते. तार असेल तर रीसेट दाबलेलाच राहतो. कपॅसिटर त्या ओढीचा फक्त पहिला झटका पुढे जाऊ देतो. चिप क्षणभर रीसेट होते, जागी होते आणि नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार असते. २००७च्या डिएचिमिला या आर्डुइनो बोर्डाच्या आधी प्रोग्रॅम टाकताना रीसेटचं बटण बोटाने दाबावं लागे. त्या बोटाचं काम इथे तांदळाच्या दाण्याहून लहान भागाने उचललं आहे. हे उमगलं तेव्हा मी तार काढून कपॅसिटर लावला, आणि तेरा नंबरच्या पिनेवरचा दिवा लुकलुकायला लागला.

यूएसबीच्या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा एक फ्यूज आहे, गार झाला की आपोआप पूर्ववत होणारा. तो नसता तरी बोर्ड चालला असता. पाच व्होल्ट आणि ग्राउंड चुकून एकमेकांना टेकवणाऱ्या मुलासाठी, त्याने बहुधा मागून आणलेल्या लॅपटॉपसाठी तो तिथे बसवला आहे. आराखड्यात माया दिसते ती मला इथे दिसली.

२००५च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावात, डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या मुलांसाठी आर्डुइनो जन्मला. नाव तिथल्या एका बारवरून आलं, आणि बारचं नाव एका मध्ययुगीन राजावरून. मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं नाव सगळे घेतात. पण त्याच संस्थेत एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी ‘वायरिंग’ घडवलं होतं आणि आर्डुइनो त्यावर उभा आहे, हेही तितक्याच आदराने सांगायला हवं.

आणि ती फट? ती सुरुवातीच्या रेखाटनातली चूक होती. लक्षात येईपर्यंत बोर्ड लोकांच्या हाती गेले होते, वर बसणारी शील्ड बनू लागली होती. फट सुधारली असती तर ती सगळी निकामी झाली असती. म्हणून ती ठेवली. उनोत आहे, इतरांनी काढलेल्या प्रतींतही आहे. एवढ्या काटेकोर आराखड्यात मला सर्वांत देखणी जागा हीच वाटते. दुसऱ्याने आपल्या भरवशावर केलेलं काम वाया जाऊ नये म्हणून, आपली चूक सगळ्यांसमोर तशीच मिरवायला मन मोठं लागतं.

यंदा प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा स्वतःचा बोर्ड आखला. किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिना मांडताना सातनंतर थांबलो, आणि मोजून ०.१६ इंच सोडले.