समांतर रेषा कोठे मिळतात?

ज्योती भट्ट यांची चित्रे, मुद्राचित्रे व छायाचित्रे २००७ मध्ये दिल्ली आर्ट गॅलरीच्या पूर्वलक्ष्यी प्रदर्शनात एकत्र आली. ‘पॅरलल्स दॅट मीट’ या त्याच्या शीर्षकातच समांतर रेषा एकमेकींना मिळतात, असा दावा होता. त्या नेमक्या कोठे मिळतात, हा खरा प्रश्न आहे. छायाचित्र हे साधन आणि मुद्राचित्र ही निर्मिती, अशी उतरंड समीक्षेने बहुधा गृहीत धरलेली असते. बडोद्याच्या या कलावंताने १९६७ पासून गुजरात-राजस्थानातील भित्तिचित्रे, रांगोळ्या, गोंदण कॅमेऱ्याने टिपले. त्याच लोककलेतील आकृतिबंध त्यांच्या एचिंगमध्येही वावरतात. परंतु तेथे प्रतीखाली अनुक्रमांक आणि कलावंताची स्वाक्षरी येते; आकृतिबंध उरतो, तो रेखणारा हात लोपतो. छायाचित्रात मात्र भिंत रंगवणारी स्त्री पुष्कळदा त्या भिंतीसमोरच असते. निनावी का होईना, ती तेथे कर्ती म्हणून उरते. त्यामुळे ही छायाचित्रे मुद्राचित्रांची पूर्वतयारी न राहता त्यांना विचारलेला प्रश्न ठरतात. या दोन रेषा मिळतात त्या शैलीच्या ऐक्यात नव्हे, कर्तृत्व कोणाचे या अस्वस्थ करणाऱ्या जागी. तो प्रश्न टाळून केलेले सिंहावलोकन केवळ गौरवसोहळाच ठरेल.