एका अंड्याचें व्याकरण

इटालियन भाषेचें प्रवेशपुस्तक हातीं घेणाऱ्या मराठी वाचकास आरंभींच एक नवल भेटतें. अंड्यास त्या भाषेंत 'उओवो' म्हणतात. हा शब्द पुल्लिंगी. त्याचें अनेकवचन मात्र 'उओवा', आणि तें स्त्रीलिंगी! ताजें अंडें एक असेल तर विशेषण 'फ्रेस्को', दोन असतील तर 'फ्रेस्के'. हा चमत्कार पाहून विद्यार्थी हंसतो, आणि पुस्तककर्ता बहुधा 'अपवाद' एवढाच शेरा मारून पुढें जातो. आमचा आक्षेप आहे तो या शेऱ्यावर.

लॅटिनमध्यें हा शब्द 'ओवुम्' असा नपुंसकलिंगी असून त्याचें अनेकवचन 'ओवा' असें होई. पुढें लोकांच्या बोलण्यांतून नपुंसकलिंग लोपलें. एकवचनाचें रूप पुल्लिंगासारखें भासे, तें त्यांत मिसळलें. अनेकवचनाच्या अंतींचा आकार स्त्रीलिंगाच्या ओळखीचा, म्हणून तें स्त्रीलिंगांत गेलें. बाहु, ओठ व हाड या अर्थांच्या इटालियन शब्दांचीही हीच कथा. रुमानियन भाषेंत अंड्याचा शब्द हुबेहूब असाच वागतो. परंतु तेथील वैयाकरण त्यास नपुंसकलिंगी म्हणतात. तेथें असे शब्द पुष्कळ, म्हणून त्यांचा वर्ग ठरला. इटलींत ते मोजकेच उरले, म्हणून अपवाद ठरले. ज्यास आपण अनियम म्हणतों, तो पुष्कळदां जुन्या नियमाचा अवशेष असतो.

आम्हीं स्वतः तरुणपणीं हीं रूपें घोकूनच पाठ केलीं. कारण कळावयास बरींच वर्षें गेलीं. दोष आमच्या वाटेचा होता. आम्ही इटालियनकडे गेलों तें इंग्रजी पुस्तकांच्या द्वारें, आणि इंग्रजी नामांस व्याकरणाचें लिंग जवळजवळ उरलेलेंच नाहीं. वास्तविक या कुलुपाची किल्ली आमच्याच मुखांत होती. हिंदीनें नपुंसकलिंग टाकलें व 'अंडा' पुल्लिंगी केला. आपण मात्र अजून 'अंडें' आणि 'अंडीं' म्हणतों. लिंगें तीन असतात हें मराठी मुलास शाळेंत जाण्यापूर्वींच ठाऊक असतें. तिसरें लिंग नाहींसें झाल्यावर त्याचे शब्द कोठें आश्रय घेतात, एवढेंच त्यास सांगावयाचें उरतें.

परभाषा शिकवितांना मातृभाषेस वर्गाबाहेर उभें करण्याची आपली रीत म्हणूनच आम्हांस महाग वाटते. घरांतील ठेव्याचा विसर पडला, कीं शेजाऱ्याची ठेवही अडगळ दिसूं लागते.