‘तांडा’ या शब्दाची साक्ष : कंबरलेज यांच्या बंजारा-निबंधाविषयी

आजचा यवतमाळ जिल्हा इ. स. १९०५ पर्यंत वणी जिल्हा या नावाने ओळखला जात असे. तेथील पोलीस अधिकारी एन. एफ. कंबरलेज यांचा बंजारा समाजावरील निबंध १८८२ मध्ये पुनर्मुद्रित झाला. त्याचे मूळ लेखन १८६९ च्या सुमाराचे मानतात. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातील बंजाराविषयक प्रकरण मुख्यतः या निबंधावरच आधारलेले आहे. त्या ग्रंथाच्या द्वारे कंबरलेज यांची दृष्टी आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही नकळत उतरते. म्हणून तिची चिकित्सा अगत्याची वाटते.

निबंधाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. इ. स. १६३० च्या सुमारास आसफखानाच्या विजापूरवरील स्वारीबरोबर भंगी व जंगी हे नायक आपले बैल घेऊन दक्षिणेत आले, ही परंपरा त्यात नोंदलेली आहे. सैन्याला धान्य पुरवावे व त्याच्या मोबदल्यात पाण्याचा, चाऱ्याचा आणि काही गुन्ह्यांच्या माफीचाही हक्क मिळावा, असा ताम्रपट त्यांना मिळाल्याचे ही कथा सांगते. तिचा तपशील इतिहासकारांनी पारखावा. परंतु आम्ही घुसलो नाही, आम्हांस बोलावून आणले, हा तिचा आशय दुर्लक्षिण्यासारखा नाही. हा ताम्रपट म्हणजे एका अर्थी प्रवेशाचा परवानाच होय.

असे असता तोच निबंधकार या समाजाच्या भटकण्याकडे संशयाने का पाहतो? उत्तर काळात आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या पाठीवरील वाहतुकीचे प्रयोजन झपाट्याने संपत गेले. धंदा गेला, चालणे तेवढे उरले. पोलिसाच्या नजरेला ते निर्हेतुक, म्हणून सदोष दिसले. हीच नजर गुन्हेगार जमातींच्या कायद्यात आढळते. १८७१ चा हा कायदा प्रथम उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ मध्ये तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला. १९२० च्या पारपत्र कायद्याने परकीयास सरहद्दीवर अडविले. या कायद्याने मात्र अधिसूचित जमातींतील माणसास स्वदेशातच हजेरी द्यावयास लावली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, आणि महाराष्ट्रात बंजारा ‘विमुक्त जाती’त गणले गेले.

भाषेची साक्ष मात्र निराळी आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाने (१९०७) बंजारा बोलीचे राजस्थानीशी असलेले नाते दाखविले. बोलीचे व्याकरण माणूस कोठून आला हे सांगते. तो येथे कसा राहिला हे तिच्या शब्दांचे बदलते अर्थ सांगतात. ‘तांडा’ म्हणजे एके काळी चालता बैलांचा काफिला; आज पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत तांडा म्हणजे स्थिर वस्ती. ‘नायक’ हा काफिल्याचा म्होरक्या वस्तीचा प्रमुख झाला, आणि पुढे ते आडनावही झाले. जो शब्द गतीचा वाचक होता तोच वसाहतीचा वाचक व्हावा, याहून स्थायिकतेचा बोलका पुरावा कोणता?

या बोलीत स्वकीयास ‘गोर’ व इतरास ‘कोर’ म्हणतात. म्हणजे आपपरभाव तिलाही ठाऊक आहे. पण तो समाजाचा आहे, भूमीचा नव्हे. कायद्याने मात्र भूमीवरही रेषा ओढल्या. पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलंगणात, लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. उत्तरेस त्यांचेच भाईबंद विमुक्त आहेत. बोली तीच, आणि नदी ओलांडताच संज्ञा बदलते.

तेव्हा कंबरलेज यांचा निबंध टाकून देऊ नये. तो दोन भागांत वाचावा. त्यांनी जे ऐकले ते पुरावा म्हणून घ्यावे, जे अनुमानिले ते त्यांच्या हुद्द्याच्या खाती मांडावे. हा विवेक न राखल्यास १९५२ मध्ये रद्द झालेला कायदा आमच्या तळटीपांत जिवंत राहील.