कलम कोणते लावले?

आपल्या मुस्लिम मराठी कथेत अटकेचे प्रसंग कमी नाहीत. पहाटे दारावर पडणारी थाप, जिन्यावर बुटांचा आवाज, अम्मीचा आक्रोश, मोहल्ल्यात एकेक करून बंद होणाऱ्या खिडक्या. तेथून कथा एकदम तुरुंगातल्या भेटीच्या जाळीपाशी जाते, नाहीतर सुटकेपाशी. घरातली माणसे पहिल्या तासापासून जो प्रश्न विचारत असतात तो कथाकाराला मात्र सुचत नाही: कलम कोणते लावले? ठाण्यातला अंमलदार म्हणतो, साहेब आल्यावर कळेल. वकील म्हणतो, रिमांडला कागद बघू. ही धावपळ म्हणजेच खरी कथा आहे, आणि ती लिहायची राहून जाते.

या संदर्भात काफ्काच्या 'द ट्रायल'चा दाखला हमखास दिला जातो. लेखकाच्या निधनानंतर १९२५ मध्ये आलेल्या या कादंबरीत योसेफ के.ला तिसाव्या वाढदिवशी सकाळी अटक होते. पहारेकरी त्याचा नाश्ता खाऊन टाकतात, पण आरोप काय ते अखेरपर्यंत कोणी सांगत नाही. वकीलही आरोपपत्र न पाहताच अर्ज लिहीत बसतो. चौकशीत काय विचारले त्यावरून आरोप ताडायचा, असे समजावतो. वाचताना हे सारे ओळखीचे वाटते. तरीही माझ्या मते हा दाखला आपल्या लेखकांची दिशाभूल करतो. काफ्काकडे आरोपाचा कागद हाती येत नाही. आपल्याकडे कागदांचा ढीग असतो. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले दोषारोपपत्र दहा हजारांहून अधिक पानांचे होते. ते कोणी वाचायचे?

ते वाचणारा एक माणूस निघाला. त्याच खटल्यातले आरोपी, शिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये निर्दोष सुटले. तुरुंगात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. त्यातली छळाची वर्णने अंगावर येतात, पण पुस्तकाचे बळ तेथे नाही. कबुलीजबाब कसा 'तयार' होतो हे ते एखाद्या कारागिरीचे वर्णन करावे तसे सांगतात, तेथे आहे. साहित्यकृती म्हणून त्यात उणिवा आहेत. तपशील पुन्हा पुन्हा येतात, माणसे मागे पडतात. मात्र आरोप हा एक मजकूर आहे, कोणीतरी तो लिहिलेला आहे, ही दृष्टी आपल्या ललित लेखकांकडे नव्हती, ती या शिक्षकाकडे होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना दोषमुक्त केले, तेव्हा निरनिराळ्या कबुलीजबाबांतला काही मजकूर सारखाच असल्याकडे न्यायालयाने बोट दाखवले. (सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले.) समीक्षक जे काम कवितेवर करतो तेच न्यायालयाने येथे कबुलीजबाबांवर केले.

महाराष्ट्रात हा मजकूर बहुधा मराठीत असतो. फिर्याद, पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र हे मराठी गद्याचेच प्रकार आहेत, आणि त्यांची एक पक्की शैली आहे. 'नमूद तारखेस व वेळी', 'संगनमत करून', 'गोपनीय बातमीदारामार्फत'. यातले सर्वात धूर्त क्रियापद म्हणजे 'मिळून आले'. वस्तू घरात मिळून आली. कोणी ठेवली, कोणी काढली, कोण बघत होते? या वाक्यात कर्त्याला जागाच नाही. उर्दू माध्यमात शिकलेल्या अब्बांना हे कळत नाही. मराठी शाळेत गेलेली धाकटी मुलगी ते त्यांना दखनीत सांगू लागते, आणि 'संगनमत'पाशी अडते. मराठी मुस्लिम लेखकाइतका या प्रसंगाचा वारसदार दुसरा कोण आहे?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाला हे बरेचसे साधले आहे. म्हाताऱ्या शाहिराला कार्यक्रमातूनच उचलून नेतात. आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. सरकारी वकीलबाई इंग्रजी कायदा सपाट सुरात वाचत जातात. चित्रपटात आवाज न चढवताही आपला जीव दडपतो, तो याच वाचनामुळे.

आरोप आरोपीच्या भाषेत हवा, ही मागणी जुनी आहे. १९६२ मध्ये 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात इंग्रजी न जाणणाऱ्या स्थानबद्धाला इंग्रजी आदेश दिला होता. पोलीस अधिकाऱ्याने तो तोंडी समजावला म्हणून भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे त्या न्यायालयाने सांगितले. तेव्हाच देता आली नाहीत तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. निकाल आणि ठाणे यांतले अंतर आपल्याला माहीत आहे. पण कथाकारासाठी हे दोन तास म्हणजे केवढी जागा! एक कागद, एक माणूस, आणि त्याला कळणारी अक्षरे.

सूरह यूसुफ आपण सारे लहानपणापासून ऐकतो. कुर्ता पाठीमागून फाटलेला होता, म्हणजे पुरावा यूसुफ अलैहिस्सलाम यांच्या बाजूचा. तरी कैद झालीच. आपल्या वाअजांत या किस्स्यातला सब्र सांगितला जातो, तो योग्यच. पण पुढे बादशहाचा माणूस बोलावणे घेऊन येतो, तेव्हा ते लगेच उठून चालू लागत नाहीत. त्याला आल्या पावली परत पाठवतात: आधी जाऊन विचार, हात कापून घेतलेल्या त्या बायकांचे प्रकरण काय होते. तुरुंगाचे दार उघडे आहे, निरोप्या पुन्हा दरबाराकडे निघाला आहे, आणि तिकडे बायकांना बोलावणे जाणार आहे.