जडत्व काढून घेतलं तर उरतं काय?

बोरगाव मेघेहून वर्धा स्टेशनाकडे जाताना ऑटोवाला अचानक ब्रेक मारतो. ऑटो थांबतो, मी मात्र पुढच्या दांड्यावर आदळतो. हेच जडत्व. चालती वस्तू चालतच राहू पाहते, थांबलेली थांबूनच. मराठीत या शब्दाला थोडी बदनामीही चिकटली आहे. नोकरीसाठी पुण्याला न गेलेल्या मला दोस्त म्हणतात, ‘तू जड झाला बे इथं.’ म्हणून असेल, जडत्व पुसून टाकणाऱ्या विज्ञानकथा मी हावऱ्यासारख्या वाचल्या.

त्यांतली गाजलेली कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखक ई. ई. स्मिथची ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’. १९३७ साली ती मासिकातून क्रमशः येऊ लागली. तिच्यातलं यंत्र सुरू केलं की यानाचं आणि आतल्या माणसांचं जडत्व शून्य होतं. यान क्षणात प्रकाशापेक्षा वेगानं धावतं, क्षणात थांबतं, कुणाची मानही लचकत नाही. पण स्मिथ एक किंमत वसूल करतो. यंत्र बंद केलं की आधीचा वेग जसाच्या तसा परत येतो. कुठंही नीट उतरायचं तर आधी तो जुना वेग तिथल्या वेगाशी जुळवून घ्यावा लागतो. कादंबरीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. गाव सोडून गेलेला माणूसही गावाचा वेग सोबत नेतोच की.

पुढचा प्रश्न मात्र स्मिथ टाळतो. जडत्वाचं माप म्हणजे वस्तुमान, आणि अणूचा आकार इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर ठरतो. ते निम्मं केलं तर अणू दुप्पट फुगतो. शून्य केलं तर अणूच उरत नाही. यान सुसाट निघेल कसं, त्यात बसायला नायकच नसेल! इथं कादंबरी स्वतःच्याच कल्पनेला घाबरते.

हाच प्रश्न न घाबरता हाताळणारा माणूस आपल्याकडे होता. विज्ञानकथाकार म्हणून आपल्या ओळखीच्या जयंत नारळीकरांनी १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. त्याच्या मुळाशी अर्न्स्ट माखचा विचार आहे. वस्तूचं जडत्व तिच्या एकटीचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्यामुळे ते तिला मिळतं. हॅल्टन आर्प यांच्यासोबतच्या १९९३च्या मांडणीत तर नव्यानं जन्मलेल्या कणाचं वस्तुमान शून्य असतं. दूरदूरच्या द्रव्याचा प्रभाव पोचत जातो तसा तो कण जड होत जातो.

बहुतेक शास्त्रज्ञांनी हे स्वीकारलं नाही. विज्ञान म्हणून तो निकाल मला मान्य आहे. पण कथाबीज म्हणून हे स्मिथच्या यंत्रापेक्षा कितीतरी मोठं आहे. इथं बटण दाबून भागत नाही. जडत्व घालवायचं तर सगळ्या जगाशी असलेलं नातं तोडावं लागतं, आणि ती किंमत नायकालाच मोजावी लागते. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या मुलामुलींनी ही कथा लिहावी. यान नसलं तरी चालेल, किंमत मात्र चुकवू नये.

दोस्ताला आता माझ्याकडे उत्तर आहे. जड झालो, कारण इतक्या जणांचा प्रभाव माझ्यापर्यंत पोचला. तरी वर्धा स्टेशनातून महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याकडे सुटताना दिसली की ते बटण दाबावंसं वाटतंच.